स्नॅच कुठे बिघडतो ते आधी पाहा, पूरक व्यायाम मग निवडा

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत उचली दोनच: स्नॅच (बार म्हणजे वजनाचा दांडा जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (क्लीनमध्ये बार आधी खांद्यांवर, मग जर्कने डोक्यावर). पुल (बार झेलायला न जाता नुसता जोरात वर ओढणं), स्क्वॉट, पुश प्रेस (गुडघ्यांच्या झटक्याने बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलणं), रोमेनियन डेडलिफ्ट, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम हे सगळं त्या दोन उचलींसाठी असतं. नवशिक्याची वही उघडली की मात्र उलटं चित्र दिसतं. स्नॅचचे चार सेट, आणि खाली पूरक व्यायामांची पानभर यादी. कारण उघड आहे. पूरक व्यायाम सोपे असतात, घाम काढतात आणि सहसा फसत नाहीत. स्नॅच फसतो, आणि सगळ्यांसमोर फसतो.

पूरक व्यायाम एका ठराविक दोषासाठी आणि ठराविक आठवड्यांपुरता घ्यायचा असतो. दोष कोणता हे माहीत नसेल तर हाती फक्त थकवा येतो. म्हणून खाली व्यायामांची यादी नंतर येते, दोष ओळखण्याची रीत आधी.

जवळचे आणि लांबचे

मूळ उचलीशी सर्वात जवळचे व्यायाम म्हणजे तिचीच रूपं: हँग स्नॅच (बार मांडीजवळून किंवा गुडघ्याजवळून सुरू), ब्लॉकवरून (बार ठोकळ्यांवर उंच ठेवून) क्लीन, मध्ये थांबून केलेला पॉझ स्नॅच, पूर्ण न बसता झेललेला पॉवर स्नॅच किंवा पॉवर क्लीन. हे एका सेटमध्ये १ ते ३ वेळाच करायचे. चौथ्या-पाचव्या वेळी हात-पायांचा मेळ सुटतो आणि चुकीची हालचाल पक्की होत जाते.

त्यांच्यापासून एक पायरी लांब पुल, बॅक आणि फ्रंट स्क्वॉट (बार पाठीवर आणि बार पुढे खांद्यांवर), पुश प्रेस. हे ३ ते ५ वेळा. सर्वात लांब रोमेनियन डेडलिफ्ट, बॅक एक्स्टेन्शन, रोइंग, पुल-अप, एका पायाचे स्क्वॉट. यांत वेगाचा प्रश्न नसतो, स्नायू भरायचा असतो, म्हणून ६ ते १२ वेळा चालतं. दिवसाचा क्रमही हाच ठेवा: वेगाचं आधी, ताकदीचं मग, स्नायू भरायचं शेवटी. आधी दमून मग स्नॅच करणारा माणूस दमलेला स्नॅच शिकतो.

किती पूरक व्यायाम करावेत यावर जुना वाद आहे. बल्गेरियाच्या इव्हान अबादजिएव्ह यांनी आपल्या संघासाठी जवळजवळ सगळं काढून टाकलं. स्नॅच, क्लीन अँड जर्क, त्यांची पॉवर रूपं आणि स्क्वॉट, तेही रोज त्या दिवसाच्या कमाल वजनापर्यंत. सोव्हिएत प्रशिक्षकांनी उलट भरपूर रूपं वापरली आणि प्रत्येकाचं वजन व फेऱ्या मोजून दिल्या. चिनी लिफ्टर मुख्य सरावानंतर रोइंग, डिप्स, बॅक एक्स्टेन्शन असे स्नायू भरणारे व्यायाम मन लावून करतात. पदकं तिन्ही वाटांनी आली. पण बल्गेरियन लिफ्टरचं दिवसभराचं काम तेवढंच होतं. हिंजवडीत नऊ तास काम करून वाकडच्या ट्रॅफिकमधून सुटलेल्या माणसाने रोज कमाल वजनाचा हट्ट धरू नये. त्याला सोव्हिएत पद्धतीचे मोजलेले, मध्यम वजनाचे सेट मानवतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत उभ्याने केलेला प्रेस ही तिसरी स्पर्धेची उचल होती. ती काढल्यावर खांद्यांची ती ताकद आपोआप येणं थांबलं. आज प्रेस आणि पुश प्रेस पूरक म्हणून मुद्दाम ठेवावे लागतात ते यामुळेच.

आधी आकडे

वहीत चार आकडे लिहा: स्नॅच, क्लीन अँड जर्क, फ्रंट स्क्वॉट, बॅक स्क्वॉट. चारही गेल्या दोन महिन्यांतले हवेत, कॉलेजच्या काळातले नकोत.

साधारण मेळ असा असतो. स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या ८०% च्या आसपास. क्लीन अँड जर्क हा बॅक स्क्वॉटच्या ८०% च्या आसपास. फ्रंट स्क्वॉट हा बॅक स्क्वॉटच्या ८५% किंवा थोडा वर. पॉवर स्नॅच हा स्नॅचच्या ८० ते ८५%.

एकाचे आकडे ७०, ९०, १०५, १२५ आहेत असं धरा. ९० भागिले १२५ म्हणजे ७२%. पायांत ताकद आहे, ती बारपर्यंत पोचत नाही. याने स्क्वॉट आणखी वाढवून काहीच साधणार नाही. याला उचलीच्या जवळचे व्यायाम हवेत. दुसरीचे आकडे ६०, ८०, ८२, ९५. इथे ८० भागिले ९५ म्हणजे ८४%. तंत्र चांगलं, पाय अपुरे. फ्रंट स्क्वॉट ८२ असताना ८० चा क्लीन मारून उभं राहायचं आणि वर जर्कही करायचा म्हणजे रोजची परीक्षा आहे. हिला स्क्वॉटच हवा. त्याऐवजी ती हँग स्नॅचचे नवे प्रकार करत बसली तर वर्ष वाया जाईल.

हे प्रमाण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मीराबाई चानूने टोकियोत ८७ आणि ११५ असे २०२ किलो उचलून रौप्य मिळवलं. तिचं प्रमाण ७६% च्या आत येतं. सिडनीत २००० साली कर्णम मल्लेश्वरीने ११० आणि १३० उचलले, म्हणजे जवळजवळ ८५%. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ११३ आणि १३५ असे २४८ किलो केले, आणि सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियन लिफ्टरने १०७ आणि १४२ असे २४९. संकेतच्या कोपराला जर्कमध्ये दुखापत झाली, म्हणून तिथला १३५ चा आकडा त्याची खरी मर्यादा धरता येत नाही. प्रमाण बघताना आकड्यामागे काय घडलं तेही बघावं लागतं.

मग कॅमेरा

मोबाईल बाजूने लावा, बारच्या टोकाच्या अगदी समोर, कमरेच्या उंचीवर, ३ ते ४ मीटर लांब. तिरका लावला तर बार पुढे गेला की नाही ते कळत नाही, आणि नेमकं तेच बघायचं असतं. चार जागी व्हिडिओ थांबवा: बार गुडघ्याशी असताना, बार जांघेला लागताना, बार झेलताना, आणि उभं राहताना.

त्यानंतर एक चाचणी घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तोच दोष कमाल वजनाच्या ७०% वरही दिसतो का? दिसत असेल तर तो सवयीचा किंवा शरीराच्या मांडणीचा दोष आहे. औषध हलकं आणि उचलीच्या जवळचं. ७०% वर सगळं स्वच्छ आणि ९०% च्या पुढेच बिघडत असेल तर ताकद कमी पडते; औषध जड आणि थोडं लांबचं चालेल. हीच चाचणी न घेतल्याने लोक सवयीच्या दोषावर जड पुल घालतात आणि तो दोष आणखी जड वजनाने गिरवतात.

बार जमिनीवरून पुढे जातो

बहुतेक दोषांचं मूळ इथेच सापडतं. जमिनीवरून बार सुटताना वजन पंजांच्या पुढच्या भागावर जातं, बार नडगीपासून दोन बोटं सुटतो, आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याला गाठायची धावपळ होते. झेलताना पुढे उडी पडली तर कारण बहुधा सेकंदभर आधीच घडून गेलेलं असतं.

पॉझ स्नॅच करा. बार गुडघ्याच्या जरा खाली आला की २ सेकंद पूर्ण थांबा. त्या जागी नडगी जवळजवळ उभी, खांदे बारच्या किंचित पुढे, वजन पावलाच्या मध्यापासून टाचेकडे, बार अंगाला चिकटलेला. तिथून उरलेली उचल पूर्ण करा. स्नॅचच्या ६५ ते ७२%, ४ ते ५ सेट, प्रत्येकी २. चूक इथे होते ती अशी: थांबल्यावर पाठ सैल सोडतात आणि पुन्हा निघताना कमरेने हिसका देतात. तसं झालं की ५ किलो काढा. थांबताना काखेखालचे स्नायू, म्हणजे लॅट्स, ताणलेले हवेत. बार अंगाकडे तेच ओढून ठेवतात. ते जागे करायला सरावाआधी रबर बँड खांबाला बांधून सरळ हातांनी मांडीपर्यंत ओढा, १५ चे २ सेट.

याचाच भाऊ म्हणजे कंबर आधी वर उडणं. बार हलायच्या आत ढुंगण वर जातं आणि खांदे जागेवरच राहतात, मग उरतं ते पाठीने ओढणं. ७०% वरही होत असेल तर सुरुवातीची बैठक फार खाली आहे. कंबर थोडी वर घेऊन सुरू करा. ९०% वरच होत असेल तर मांडीचे पुढचे स्नायू कमी पडतात. अशा वेळी फ्रंट स्क्वॉट ८०% वर ४ सेट, प्रत्येकी ३. आणि क्लीनच्या पकडीने सावकाश डेडलिफ्ट, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ३ सेकंद, क्लीनच्या ८५ ते ९५% वर, ३ सेट, प्रत्येकी ३. सगळा वेळ कंबर आणि खांदे एकाच वेगाने वर आले पाहिजेत.

हात लवकर वाकतात, बार जांघेवर आदळून पुढे उडतो

आधी पकड तपासा. हुक ग्रिप, म्हणजे अंगठा बारला गुंडाळून वरून तर्जनी आणि मधलं बोट. ती नसेल तर मुठी घट्ट धरण्याच्या नादात दंड आवळतात आणि कोपर वाकतात. पहिले दोन-तीन आठवडे अंगठा दुखतो, टेप लावा. स्नॅचच्या पकडीची रुंदी अशी ठरवा: सरळ उभं राहून हात लांब सोडले की बार जांघेच्या वळीत यायला हवा. त्याखाली येत असेल तर पकड अरुंद आहे आणि बार नको त्या जागी आदळणार. क्लीनमध्ये मात्र बार मांडीच्या वरच्या भागाला लागतो, जांघेला नाही.

पकड बरोबर असूनही बार आदळून उडत असेल तर ब्लॉकवरून, गुडघ्याच्या वरच्या उंचीपासून, पॉवर स्नॅच. ६० ते ७०%, ५ सेट, प्रत्येकी २. बार मांडीला घासत वर आला पाहिजे. सोबत स्नॅचच्या पकडीने रोमेनियन डेडलिफ्ट, ३ सेट, प्रत्येकी ६. गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे, बार मांडीवरून घसरत गुडघ्याखाली आणि परत.

बार वर जातो पण झेलला जात नाही

बार पुरेसा उंच गेला, तरी खाली शिरायला उशीर झाला. इथे माणसं हमखास पुल वाढवतात. चूक. बार आधीच पुरेसा उंच आहे.

टॉल स्नॅच करा: ताठ उभं राहून, पाय न वाकवता, बार मांडीशी धरून थेट खाली शिरायचं. स्नॅचच्या ३० ते ४०%, ३ सेट, प्रत्येकी ३. एवढं हलकं वजन लावायची लाज वाटते म्हणून फार थोडे लोक हा व्यायाम नीट करतात. त्यानंतर स्नॅच बॅलन्स: बार मानेमागे, स्नॅचची पकड, छोटा झोका (गुडघे जरा वाकवून झटकन सरळ करणं) आणि त्याच क्षणी पूर्ण बैठकीत बार डोक्यावर. ६०% पासून सुरू करून काही आठवड्यांत ९० ते १००% पर्यंत. हात बारला वर ढकलतात असं न वाटता आपणच बारखाली जातो असं वाटलं की बरोबर चाललंय.

बार झेलून मागे पडत असेल किंवा डोक्यावर थरथरत असेल तर ओव्हरहेड स्क्वॉट (बार डोक्यावर धरून), तळाशी ३ सेकंद थांबून, ३ सेट, प्रत्येकी ३. ओव्हरहेड स्क्वॉट तुमच्या स्नॅचपेक्षा थोडा तरी जास्त हवा. मोकळ्या बारनेही टाचा उचलत असतील तर घोटा तपासा. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. नाही लागत, तर आधी घोटा मोकळा करा. ज्याला बराच वेळ उकिडवं बसता येतं त्याचा घोटा सहसा अडत नाही. रनिंग शूजचा मऊ तळवा इथे घात करतो. साधारण २ सेंटीमीटर उंच, कडक टाचेचे लिफ्टिंग शूज घ्या.

क्लीन झेलला, उठता येत नाही

तेवढ्याच वजनाचे फ्रंट स्क्वॉट तीन जातात का बघा. जात नसतील तर पायांचं काम. जात असतील तर क्लीन पुढे किंवा कोपर खाली ठेवून झेलला जातोय. त्यासाठी एक क्लीन आणि लगेच दोन फ्रंट स्क्वॉट असा जोड, ७५ ते ८०%, ४ सेट. कोपर झटकन फिरवून वर आणायचे. झेलताना कोपर किंवा दंड मांडीला-गुडघ्याला टेकला तर स्पर्धेत उचल बाद होते. बार खांद्यांवर विसावलेला हवा, बोटांवर नव्हे. मनगट दुखतं म्हणून रडणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कोपर खाली असतात.

जर्क

ज्याने क्लीन केला तो जर्कमध्ये हरतो, हे दृश्य स्पर्धेत वारंवार दिसतं. तरी आठवड्यात जर्कला सर्वात कमी वेळ मिळतो, कारण तो क्लीनच्या शेपटीला बांधलेला असतो. स्टँडवरून वेगळा जर्क आठवड्यातून एकदा तरी करा.

पहिला दोष, झोका पुढे जातो. झोका घेताना धड सरळ खाली जायला हवं, गुडघे पुढे, वजन पूर्ण पावलावर. खोली उंचीच्या साधारण १०%. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला १६ सेंटीमीटर पुरे. पुढे झुकला की बार पुढे फेकला जातो आणि पुढचा पाय त्याच्या मागे धावतो. उपाय: झोक्याच्या तळाशी २ सेकंद थांबून जर्क, ६५ ते ७५%, ५ सेट, प्रत्येकी २. ९०% वरच झुकत असेल तर नुसता झोका घेऊन उभं राहायचं, जर्कच्या १०० ते ११०% वजनाने, ३ सेट, प्रत्येकी ४, रॅकच्या सुरक्षा दांड्या लावूनच.

दुसरा, कोपर लॉक होत नाही, शेवटची चार बोटं ढकलावी लागतात. पंच याला प्रेस-आऊट म्हणून लाल दिवा देतात. पुश प्रेस ६५ ते ८०%, ४ सेट, प्रत्येकी ३ ते ४. पण आधी बघा, तुम्ही बारखाली जाताय का? उभ्या-उभ्या बार वर ढकलायचा प्रयत्न असेल तर पुश प्रेस तीच सवय वाढवेल. तेव्हा मानेमागून स्प्लिट जर्क (एक पाय पुढे, एक मागे टाकून) द्या. बार आधीच बरोबर रेषेत असतो आणि शरीर आपोआप खाली शिरतं.

तिसरा, पाय. पुढची नडगी उभी, मागचा गुडघा थोडा वाकलेला, मागची टाच वर, दोन्ही पाय कमरेच्या रुंदीवर. दोरीवर चालल्यासारखे पाय एका रेषेत आले की बार बाजूला ढळतो. प्लॅटफॉर्मवर खडूने चार खुणा करा आणि मोकळ्या बारने त्याच स्थितीत उभं राहून प्रेस, ३ सेट, प्रत्येकी ५. उठताना पुढचा पाय आधी अर्धा मागे, मग मागचा पुढे. उलट केलं तर बार पुढे झुकतो आणि झेललेली उचल जाते.

पुल किती जड

स्नॅच पुल स्नॅचच्या ९० ते १०५%, क्लीन पुल क्लीनच्या ९० ते १०५%. ३ ते ४ सेट, प्रत्येकी ३. ११०% च्या पुढे बहुतेकांचा वेग पडतो, पाठ गोल होते, बार वेगळ्या रेषेत येतो, आणि तुम्ही स्नॅचशी संबंध नसलेली डेडलिफ्ट करत असता. पुलमध्ये मनगट बारला बांधणारे पट्टे वापरायला हरकत नाही. क्लीनमध्ये कधीही नको. बार सुटला तर मनगट अडकतं.

एकूण फेऱ्यांसाठी सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा तक्ता अजून कामाचा आहे. ७० ते ७९% वजनावर एका व्यायामात एकूण १८ च्या आसपास उचली, ८० ते ८९% वर १५, ९०% च्या पुढे ७. हे आकडे ताज्या शरीरासाठी आहेत. दिवसाचा तिसरा व्यायाम असेल तर कमीच करा.

एक आठवडा

वर पहिला नमुना घेतला त्याच्यासाठी, म्हणजे स्नॅच ७०, क्लीन अँड जर्क ९०, फ्रंट १०५, बॅक १२५, आणि दोष बार जमिनीवरून पुढे जाण्याचा.

सोमवारी पॉझ स्नॅच ४५ ते ५० किलो, २ चे ५ सेट. मग स्नॅच ५२.५ ते ५७.५, २ चे ४. स्नॅच पुल ६५ ते ७०, ३ चे ४. बॅक स्क्वॉट ९५, ४ चे ३.

मंगळवारी दोन क्लीन आणि एक जर्क असा जोड, ६७.५ ते ७५ किलो, ५ सेट. पुश प्रेस ६०, ४ चे ३. रोमेनियन डेडलिफ्ट ७०, ६ चे ३. प्लँक.

गुरुवार हलका. पॉवर स्नॅच ४७.५ ते ५०, २ चे ४. फ्रंट स्क्वॉट ८५, ३ चे ४. पुल-अप आणि एका पायाचे स्क्वॉट, जमेल तेवढे, दमून न जाता.

शनिवारी स्नॅच एकेक करत ६३ ते ६५ पर्यंत, मग क्लीन अँड जर्क ८१ ते ८३ पर्यंत. शेवटी बॅक स्क्वॉट १०५, २ चे ३, आणि बॅक एक्स्टेन्शन १० चे ३.

तीन आठवडे वजन २ ते २.५ किलोने वाढवा, चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट तिसऱ्या हिश्शाने कमी करा. दोन फसल्या उचलींनंतर त्याच वजनावर तिसरा हट्ट नको. ५ किलो काढून एक स्वच्छ उचल करा आणि पुढे जा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तसाच बाजूने व्हिडिओ घ्या. दोष गेला असेल तर पॉझ स्नॅच काढून टाका. आवडतो म्हणून ठेवू नका.

पुण्यात जागा आणि सामान

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या रूपाने शहराला मोठी सुविधा आहे. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटही इथलीच; २०२२ साली राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणारा जेरेमी लालरिनुंगा तिथेच घडला. पण कोथरूड-हडपसरच्या सोसायटीखालच्या जिममध्ये भिंतीवर 'वजने आपटू नयेत' अशी पाटी असते, खाली सिरॅमिक टाइल्स असतात, आणि वर जोशीकाकू दुपारी झोपलेल्या असतात. बार खाली टाकता येत नसेल तर स्नॅच शिकू नका. फसलेली उचल हातातून सोडता येणं हाच सुरक्षेचा पाया आहे. तिथे स्क्वॉट, पुल (हलकेच खाली ठेवून), पुश प्रेस, रोमेनियन डेडलिफ्ट करा, आणि उचली आठवड्यातून दोनदा योग्य हॉलमध्ये.

लोखंडी प्लेट लहान असतात, त्यामुळे बार स्पर्धेपेक्षा खाली येतो आणि पाठ वाकते. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंटीमीटरवर. प्लेटखाली लाकडी पाट घालून तेवढी उंची करून घ्या.

तळमजल्यावर स्वतःची जागा असेल तर प्लॅटफॉर्म घरीही होतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ८ बाय ४ फुटी, १८ मिलीमीटरचे पाच प्लाय आणा. दोन शेजारी शेजारी, त्यांवर दोन आडवे, ३० ते ३२ मिलीमीटरच्या स्क्रूने पक्के. ३६ पेक्षा लांब स्क्रू खालून बाहेर येतील. वर मधोमध पाचवा प्लाय आणि दोन्ही बाजूंना २ बाय ८ फुटी रबर मॅट, जाडीला प्लायच्या जवळपास. वरच्या मजल्यावर हा उद्योग करू नका.

पुरुषांचा बार २० किलोचा, २८ मिलीमीटर जाड. महिलांचा १५ किलोचा, २५ मिलीमीटर. मुलींना पुरुषांच्या बारवर शिकवलं की हुक ग्रिप बसत नाही आणि दोष त्यांच्या माथी मारला जातो. पावसाळ्यात बार गंजतो: सरावानंतर ब्रशने चॉक (पकडीसाठी हाताला लावायची पांढरी पूड) झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. चॉक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट चॉकचे गोळे होतात आणि पकड निसटते.

स्पर्धा जवळ आली की

पूरक व्यायाम लांबच्यापासून काढत या. स्पर्धेआधी दोन आठवडे रोइंग, एका पायाचे स्क्वॉट, रोमेनियन डेडलिफ्ट बंद. शेवटचा जड पुल १० दिवस आधी, शेवटचा जड स्क्वॉट ६ ते ७ दिवस आधी. शेवटच्या आठवड्यात तीन छोटे सराव: स्नॅच, क्लीन अँड जर्क, आणि थोडा फ्रंट स्क्वॉट.

पहिली उचल सरावातल्या कमाल वजनाच्या ९० ते ९३%. वरच्या नमुन्यात स्नॅच ६४, क्लीन अँड जर्क ८३. बार आणि दोन कॉलर (प्लेट घट्ट धरणारे चाप) मिळून पुरुषांचे २५ किलो आणि महिलांचे २० होतात, तेव्हा वॉर्म-अपचा हिशोब कॉलर धरून करा. नाव पुकारल्यावर बार उचलायला एक मिनिट मिळतं, लागोपाठ तुमचाच नंबर असेल तर दोन. वॉर्म-अपमध्ये एक उचल म्हणजे प्लॅटफॉर्मवर इतरांच्या साधारण तीन उचली असा हिशोब धरा. शेवटच्या वॉर्म-अपपासून पहिल्या पुकाऱ्यापर्यंत तीन उचली उरल्या पाहिजेत. समोरचे अचानक वजन वाढवून मागे गेले आणि तुमचा नंबर पुढे आला तर एक वॉर्म-अप गाळा. उलट कुणी तुमच्या आधी घुसलं आणि थांबावं लागलं तर ७०% वर एक उचल मारून शरीर गरम ठेवा.